दोर्दोन्यमधला सप्टेंबर

"फ्रान्सच्या खेड्यात निवृत्त परदेशी जोडप्यांना करमतं कसं?" या प्रश्नावरून दोर्दोन्य या नैऋत्य फ्रान्समधल्या भागातले आमचे इंग्रज शेजारी आठवले. सप्टेंबरात पर्यटक पांगतात आणि या दोघांना उसंत नसते. आजी ओले अक्रोड सोलतात. हातमोजे विसरल्या की बोटं आठवडाभर काळी! आजोबा रानातून सेप अळंबी आणतात, पण टोपली आधी औषधांच्या दुकानात जाते. इथल्या फार्मसिस्टना विषारी अळंबी ओळखायला शिकवलेलं असतं. सरपण स्तेरने, म्हणजे घनमीटरने, घेऊन कधीच रचून झालंय. ब्रेक्झिटनंतर रहिवासी कार्डाच्या कागदांनी तेवढं छळलं त्यांना. फ्रेंच अजून यथातथाच, पण बेकरीवाली सांभाळून घेते. कालच कुंपणावरून वाडगाभर अक्रोड आले. आता चटणी करायची म्हणतोय.