किल्लारीचा भूकंप आणि ईश्वर: निरपराधांचे दुःख हा ईश्वराविरुद्धचा पुरावा ठरतो का?

तेरणाकाठ (प्रश्न):

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जो भूकंप झाला, त्यात माझे आजोळ गेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत असतानाच माळवदाखाली गाडली गेली. मामाच्या घराच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या दोन हात रुंद होत्या. वर लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर होता आणि माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती चढवली जाई. भर उन्हाळ्यात त्या घरात गारवा असे. तेच छत दोन मामेभावंडांवर कोसळले. त्यांतली धाकटी अजून नीट बोलूही लागली नव्हती.

आमचे घराणे माळकरी आहे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना एका कीर्तनकारांनी सर्वांसमोर सांगितले की, पापाचा भार वाढला की धरणी हलते आणि प्रत्येकाला आपापल्या कर्माचेच फळ मिळते. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरातले कोणी ना कोणी गेलेले होते. त्या वेळी मी शाळेत होतो आणि मला उत्तर सुचले नाही, परंतु प्रश्न मात्र तेव्हापासून मनात आहे. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू असा ईश्वर आहे, असे मानणाऱ्या माणसाने या घटनेला आपल्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा मानावे का? कर्मसिद्धांताने या प्रश्नाचे खरोखर उत्तर मिळते का? मी सांत्वन मागत नसून युक्तिवाद मागतो आहे. म्हणून ‘देवाची लीला अगाध आहे’ एवढ्यावर कृपया कोणी थांबू नये.

पूर्वपक्ष:

आपल्या प्रश्नात दोन वेगळे युक्तिवाद एकत्र आले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर नीट देता येणार नाही. असा ईश्वर आणि जगातील दुःख ही दोन्ही एकाच वेळी असणे तर्कदृष्ट्याच अशक्य आहे, हा पहिला युक्तिवाद तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडला. त्याला ईश्वरवादी तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी दिलेले उत्तर बहुतेकांना पुरेसे वाटते. माणसाला खरे स्वातंत्र्य द्यायचे, तर त्याच्या हातून वाईट घडण्याची वाटही मोकळी ठेवावी लागते, एवढी शक्यता जरी मान्य केली तरी अंतर्विरोध शिल्लक राहत नाही.

तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये मांडलेला दुसरा युक्तिवाद मात्र अधिक बोचणारा आहे. दूरच्या जंगलात वणवा लागतो, हरणाचे एक पाडस त्यात होरपळते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. ते कोणी पाहत नाही, त्यातून कोणी काही शिकत नाही. अशा दुःखामागे कोणतेही मोठे कल्याण दिसत नसेल, तर ते बहुधा नसतेच, असे मानणे सयुक्तिक नाही काय? हा सिद्धतेचा दावा नाही, तर संभाव्यतेचा आहे.

आपल्या मामेबहिणीचा मृत्यू या दुसऱ्या प्रकारात मोडतो. येथे कोणाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येत नाही, कारण खडकात साठलेला ताण मोकळा होताना कोणाची इच्छा विचारीत नाही. घरे कच्ची होती, ही माणसांची चूक, असेही म्हणता येणार नाही. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून वाचवणारी घरे बांधली होती.

ईश्वराचे हेतू आपल्या आकलनापलीकडचे आहेत, हे उत्तर मी मोडीत काढत नाही. पण त्याची किंमत भक्तांच्या लक्षात येत नाही. हेतू कळतच नसतील, तर ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘ही त्याची कृपा’ असे म्हणण्याचाही अधिकार उरत नाही. म्हणून माझ्या मते दुःख हा पुरावा ठरतो. तो निर्णायक नाही, परंतु त्याला वजन आहे आणि ते नाकारणे हा अप्रामाणिकपणा आहे.

वेदान्तजिज्ञासू:

‘पूर्वपक्ष’ यांनी मांडलेली चर्चा ज्या ईश्वराविषयी आहे, त्याने शून्यातून आणि आपल्या मर्जीने जग निर्माण केलेले असते. वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतील ईश्वर तसा नाही. त्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच आक्षेप घेतलेला आहे: जगात कोणी सुखी आणि कोणी दुःखी आहे, तेव्हा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ हे त्याचे उत्तर आहे. ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात: पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण भात उगवतो की जव, हे बीजावर ठरते. मग पहिल्या सृष्टीच्या आधी कर्म कोठून आले, या शंकेला पुढचे सूत्र संसार अनादि असल्याचे उत्तर देते.

त्या कीर्तनकारांच्या विधानाचा मात्र मी निषेध करतो. कर्माची गती गहन आहे, असे गीताच सांगते. अमुक माणसाचे अमुक दुःख अमुक पापामुळे आले, हे सांगण्याचे ज्ञान कोणाही माणसाजवळ नाही, आणि जो ते सांगतो तो शास्त्राच्या मर्यादेबाहेर जातो.

नीलांबरी:

‘वेदान्तजिज्ञासू’ यांनी निषेध केला, हे चांगलेच झाले. पण त्या कीर्तनकारांनी शास्त्राबाहेरचे काय सांगितले, हे मला कळलेले नाही. त्या बालिकेचा मृत्यू तिच्या पूर्वकर्माने आला, एवढे तुमचा सिद्धांतही म्हणतोच. फरक इतकाच की कोणते कर्म, हे तुम्ही सांगत नाही. ज्या जीवाला मागच्या जन्मातले काहीच आठवत नाही, त्याला शासन करून काय साधते? ईश्वराला निर्दोष ठरवायचे म्हणून बालकाला दोषी ठरवायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

हा आक्षेप पाश्चात्त्यांकडून आयात झालेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. वेदप्रामाण्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीच ‘श्लोकवार्तिका’त विचारले आहे की, सृष्टीपूर्वी जीवच नव्हते, तर करुणा कोणाची आली? आणि करुणेनेच सृष्टी केली, तर ती केवळ सुखमय का केली नाही? कर्माच्या तंत्राने चालावे लागत असेल, तर तो स्वतंत्र कसा?

आता भूकंपाकडेच या. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हे अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. अस्पृश्यतेला स्वतः विरोध करणाऱ्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती ‘हरिजन’मध्ये छापली, हा त्यांचा मोठेपणा. टागोरांचा मुद्दा असा होता की, भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात; शिवाय तुम्ही ज्या तर्काने हे शासन अस्पृश्यतेचे म्हणता, त्याच तर्काने तुमचे विरोधक ते तुमच्या सुधारणेचे शासन म्हणू शकतील. किल्लारीत काय दिसले, ते आठवा. जाड भिंतींची, माळवदाची घरे कोसळली. गरिबांच्या कुडाच्या आणि गवती छपराच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगल्या, कारण कोसळले तरी जीव घेईल इतके वजन त्यांच्यावर नव्हते. या निवाड्यात पापपुण्याचा हिशेब मला कोठेही सापडत नाही.

आपल्याच संतपरंपरेत या प्रश्नावर एका घरातले बाप आणि लेक वेगळे बोलले आहेत. चोखोबांच्या नावावरील एका अभंगात, आपल्याला हा जन्म मागच्या जन्मीच्या दोषामुळे मिळाला आणि विटाळ हे पूर्वीचे फळ आहे, असे सांगितलेले आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र थेट पांडुरंगाला जाब विचारतो: आमची जात हीन केलीस, हे तुला कळत कसे नाही? उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? तो कर्माची ढाल देवाच्या हातातून काढून घेतो. मला विचाराल, तर या विषयावर मराठीत याहून प्रामाणिक काही लिहिले गेलेले नाही.

पूर्वपक्ष:

कर्ममेळ्याचा दाखला फार मोलाचा आहे. जाब त्यालाच विचारता येतो, ज्याला वेगळे काही करता आले असते आणि जो तसे करायला बांधलेला होता. म्हणजे नास्तिकाची दोन्ही गृहीतके कर्ममेळ्याला मान्य आहेत. तो फक्त ईश्वर नाही, हा शेवटचा निष्कर्ष काढत नाही. त्यामुळे दुःखाचा हा युक्तिवाद कोणी मांडला, तर भाविकांनी तो श्रद्धेचा अपमान समजू नये.

वेदान्तजिज्ञासू:

नीलांबरीताईंच्या आक्षेपाचा एक भाग उरतो, हे मी मान्य करतो: स्मृतीशिवाय फलभोग न्याय्य कसा, याचे समाधानकारक उत्तर मला भाष्यांत मिळालेले नाही. तरीही कर्म बाजूला काढले, तर त्या बालिकेच्या मृत्यूला एकतर कोणतेच कारण उरत नाही किंवा ईश्वराची लहर उरते. हे दोन्ही पर्याय मला अधिक भयंकर वाटतात.

तेरणाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. ‘कोणतेच कारण उरत नाही’ हा पर्याय आपल्याला भयंकर वाटतो, हे मी समजू शकतो. पण ज्या मामीने स्वतःच्या हाताने माती उपसून मुलीला बाहेर काढले, तिला खडकातला ताण हे कारण पुरेसे होते. मुलीचे पाप हे कारण तिला आयुष्यभर सोसले नाही आणि त्या दिवसापासून तिने कीर्तनाला जाणे बंद केले. विठ्ठलाची पूजा मात्र तिने सोडली नाही. युक्तिवादाला वजन आहे, हे मी मान्य करतो. कर्माचे उत्तर मी यापुढे कोणाला देणार नाही आणि माझ्यासमोर कोणी दिले, तर गप्पही बसणार नाही. रामानुज आणि मध्व या आचार्यांनी याच सूत्रांवर काय लिहिले आहे, हे कोणी सविस्तर मांडले, तर मला ते वाचायचे आहे. विशेषतः लहान मुलांच्या मृत्यूचा विचार त्यांनी वेगळा केला आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.