सागवानी जमिनीच्या फळ्या पावसाळ्यात द्रोणासारख्या झाल्या आहेत, काय करावे?

दापोलीकर

नमस्कार. दापोलीजवळच्या आमच्या घरात तळमजल्यावरील बैठकीच्या खोलीची जमीन दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भरीव सागवानी फळ्यांची करून घेतली. फळ्या ५ इंच रुंद आहेत आणि कोब्यावर आडव्या टाकलेल्या रिपांवर त्या खिळ्यांनी बसवल्या आहेत. आम्ही पुण्यात असल्यामुळे घर जूनपासून बंद होते. गणपतीसाठी उघडले, तेव्हा प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा उचललेल्या आणि मध्यभाग खोलगट झालेला दिसला. पडवीच्या दाराजवळ तर दोन फळ्या रिपांपासून सुटून वर आल्या आहेत. आमचे सुतार म्हणतात की आत्ताच मशीनने घासून सपाट करू आणि दिवाळीपूर्वी पॉलिश मारू. हे योग्य आहे का?

सुतारपक्षी

कृपया आत्ता घासू नका. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली झाली की ती अधिक फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. त्या उचललेल्या कडा तुम्ही आज रंधून काढल्या, तर जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड वाळून कडा खाली बसतील आणि प्रत्येक फळीची पाठ मध्ये फुगलेली दिसेल. शिवाय कडांची जाडी कायमची गेलेली असेल. मॉइश्चर मीटरने फळीचा वरचा भाग, सुटलेल्या फळीची खालची बाजू आणि रीप अशा तिन्ही ठिकाणची ओल आठवड्यातून एकदा मोजून लिहून ठेवा. आकडे एकमेकांच्या जवळ येऊन काही आठवडे स्थिर राहिले, की मगच घासण्याचा विचार करावा. पुष्कळदा तोपर्यंत निम्मा बाक आपोआप गेलेला असतो.

जोते_आणि_गिलावा

वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु ओल येते कुठून हे शोधल्याशिवाय वाळवण्याला अर्थ नाही. कोब्यावर हातभर प्लास्टिक पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी त्याखाली थेंब दिसले, तर ओल जमिनीतून वर येत आहे असे समजावे. दुसरे म्हणजे भिंतीलगत जागा सोडली आहे का, ते स्कर्टिंग काढून पाहा. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. मे महिन्यात १२ टक्के ओल असलेली फळी कोकणातल्या पावसाळ्यात १८ टक्क्यांवर गेली, तर सपाट कापाची (म्हणजे वाढीच्या कड्या रुंदीला साधारण समांतर असलेली) ५ इंची सागवानी फळी सुमारे दीड मिलिमीटर रुंदावते, म्हणजे १२ फुटी खोलीत बेरीज ४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. भिंतीलगतच्या १२ मिलिमीटरच्या फटीत ती मावणे शक्यच नाही. म्हणून आपल्याकडे अशी जमीन मे महिन्यात घट्ट बसवूच नये. जुन्या घरांतल्या माळ्याच्या फळ्या सहसा अशा बाकत नाहीत, कारण त्यांना खालून आणि वरून सारखीच हवा लागते. ही साधी गोष्ट आपण कोब्यावर लाकूड टाकताना विसरतो.

दापोलीकर

स्कर्टिंग काढून पाहिले. फळ्या गिलाव्याला अगदी टेकल्या आहेत, फट अजिबात नाही. प्लास्टिकखाली पडवीच्या बाजूला थेंब आले, आतल्या भिंतीपाशी कोरडे निघाले. पडवीचा उतार उलटा, म्हणजे दाराकडे आहे, हेही आत्ताच लक्षात आले.

परदेशी_पाहुणा

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याच्या यंत्राखालून पाणी झिरपून ओकच्या फळ्या अशाच बाकल्या होत्या. गळती थांबवून तळघरात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) ठेवला आणि हिवाळाभर वाट पाहिली. तीन फळ्या बदलाव्या लागल्या, बाकीच्या बसल्या. बंद घरात मात्र हे यंत्र दिवसरात्र कोण चालवणार, हा प्रश्न तुमच्यापुढे राहीलच.

जोते_आणि_गिलावा

मग क्रम स्पष्ट आहे. आधी पडवीचा उतार बाहेरच्या दिशेने करून घ्या. दाराजवळच्या चार-पाच फळ्या आणि भिंतीलगतची एकेक ओळ काढून ठेवा, म्हणजे उरलेल्या फळ्यांना पसरायला व खालून वाळायला वाव मिळेल. काढलेल्या फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, सपाट रचा. पुन्हा बसवताना कोब्यावर जाड प्लास्टिक अंथरून त्याचे सांधे एकमेकांवर वीतभर चढवा आणि भिंतीलगतची फळी चिरून अरुंद करा. दिवाळीपर्यंत हे होणार नाही, तेव्हा सुतारांना उन्हाळ्याच्या सुरुवातीची वेळ द्यावी.