जीडीबीच्या (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या डीबगरच्या) कोडात स्ट्रक्चर बदललं, तर वाचलेली मेमरी कशावर मोजायची?

गोदाकाठ (नांदेड)
स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेल्या फील्डांचा गट) बदललं की हिशोब त्या स्ट्रक्चरचाच मांडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक जीडीबी दुसऱ्या जीडीबीखाली चालवा आणि 'पीटाइप स्लॅश ओ' द्या (८.१ पासून आहे). प्रत्येक फील्डचा ऑफसेट, साइज आणि मधल्या रिकाम्या जागा समोर येतात. समजा क्रम बूल, पॉइंटर, शॉर्ट, ६४ बिटी पत्ता असा आहे. ६४ बिटी मशिनवर बूलनंतर ७ आणि शॉर्टनंतर ६ बाइट वाया जातात, एकूण ३२. पॉइंटर, पत्ता, शॉर्ट, बूल असा क्रम लावला की २४. हे स्ट्रक्चर दर सिम्बॉलमागं (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नोंदीमागं) एक असेल, तर 'मेंट प्रिंट स्टॅटिस्टिक्स'मधून सिम्बॉलची संख्या घ्या, वाचलेल्या ८ ने गुणा. १० लाख सिम्बॉल असतील तर ८० लाख बाइट वाचले. पूर्ण प्रोसेसचा आकडा दर वेळी थोडा हलतो, त्यावर पॅच (कोडातला बदल) कसा जोखणार?

मांजरा (लातूर)
गोदाकाठ भाऊ, मोंढ्यात बारदान वजा केल्याशिवाय तुरीचं वजन धरत नाहीत. इथं बारदान मॅलॉकचं (मेमरी मागायच्या फंक्शनचं) आहे. जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) प्रत्येक तुकड्यामागं ८ बाइट स्वतःचे ठेवते आणि बेरीज १६ च्या पटीत वर नेते. म्हणजे ३२ मागितले की ४८ जातात, २४ मागितले की ३२. वस्तू वेगवेगळ्या मॅलॉक होत असतील तर तुमचे ८ नाही, १६ वाचले. पण ४० चं स्ट्रक्चर ३२ वर आणलं तर? दोन्हीला ४८ च. सायझऑफ (स्ट्रक्चरचा आकार सांगणारा ऑपरेटर) ८ ची बचत दाखवतो, हाती शून्य.

गोदाकाठ (नांदेड)
मॅलॉकपुरतं मान्य. पण मिनिमल सिम्बॉल (नाव, पत्ता एवढीच जुजबी माहिती असलेले) एकाच मोठ्या सलग अ‍ॅरेत एकापाठोपाठ एक बसतात. तिथं दर वस्तूमागं हे बारदान नाही, ८ चे ८ वाचतात. म्हणून वस्तू कुठं राहते ते आधी बघा, मग गुणाकार करा.

दुधना (परभणी)
दोघंही एकाच स्ट्रक्चरपाशी थांबायलेत. कंटेनर बदलला की गुणाकार पुरत नाही. ८ बाइटची की आणि ८ बाइटची व्हॅल्यू असलेला एसटीडी मॅप (की-व्हॅल्यू जोड्यांचा सी++ कंटेनर) घ्या. लिबएसटीडीसी++ (जीसीसीची सी++ लायब्ररी) मध्ये नोडचे ३२ आणि डेटाचे १६ मिळून ४८, मॅलॉकनंतर ६४. १० लाख नोंदींना ६.४ कोटी बाइट. सॉर्ट केलेल्या व्हेक्टरात (सलग यादीत) त्याच नोंदी १.६ कोटीत बसतात. मात्र व्हेक्टर दुप्पट होताना जुना आणि नवा दोन्ही क्षणभर जिवंत असतात, तेव्हा मागितलेल्या मेमरीचं शिखर अडीच कोटींवर जातं. आधी रिझर्व्ह केलं तर जात नाही. सायझऑफ हे कधीच सांगणार नाही. लिनक्सच्या प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत व्हीएम-एचडब्ल्यूएम बघा, प्रोसेसनं प्रत्यक्ष रॅममध्ये व्यापलेल्या मेमरीचं शिखर ते आहे.

सिंदफणा (बीड)
मग जीडीबीचंच 'मेंट सेट पर-कमांड स्पेस ऑन' का नको? प्रत्येक कमांडनंतर किती वाढलं ते छापतं.

दुधना (परभणी)
सिंदफणा ताई, ते एसबीआरकेची हद्द (मुख्य हीपचं टोक) मोजतं. मोठे तुकडे (सुरुवातीची मर्यादा १२८ केबी) मॅलॉक एमएमॅपनं (कर्नलकडून हीपबाहेर वेगळी जागा मागून) घेतो, ते त्यात येत नाहीत. शिवाय ड्वार्फचा (डीबग माहितीच्या फॉरमॅटचा) इंडेक्स वर्कर थ्रेडवर बनतो आणि मुख्य सोडून बाकी थ्रेडांचे अरीनाही (मॅलॉकचे वेगळे साठे) एमएमॅपवरच असतात. आकडा कमी दिसला म्हणजे मेमरी वाचलीच असं नाही.

मांजरा (लातूर)
एचडब्ल्यूएम घ्या, पण नीट घ्या. 'मेंट सेट वर्कर-थ्रेड्स ०' द्या, त्यानंतरच 'फाइल'नं बायनरी उघडा, नाहीतर अरीनांच्या वाटणीनं आकडा डोलतो. पूर्ण सिम्बॉलचं स्ट्रक्चर बदललं असेल तर रीडनाऊ (सगळे सिम्बॉल लगेच वाचायला लावणारा पर्याय) हवंच. जीडीबी सिम्बॉल लागतील तेव्हाच वाचतो, त्यामुळं नुसतं उघडून बंद केलं तर बदललेली वस्तू जवळपास बनतच नाही. जुनी आणि नवी बिल्ड एकाच ऑप्टिमायझेशनची, बायनरी तीच, प्रत्येकी पाच वेळा, मधला आकडा.

गोदाकाठ (नांदेड)
घ्या, पण पॅचसोबत पीटाइपचा गुणाकारही लिहा. मोजलेला फरक त्याच्याशी जुळला नाही, तर मेमरी दुसरीकडून येतेय. ती सापडेपर्यंत पॅच घेऊ नये.