मदत हवी आहे: बटलर फिनिक्सला, बील मिल्वॉकीला. हा ट्रेड का अडतोय?

सन्सवेडा (२८ जानेवारी २०२५)

मंडळी, फिनिक्सजवळच्या चँडलरमधले आम्ही काही मराठी जण ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत जवळ आली की एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक टीम घ्यायची, तिचा जीएम (व्यवस्थापक) व्हायचं आणि बाकीच्यांना पटवायचं. नियम खऱ्या एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे. मुदत ६ फेब्रुवारी. माझ्याकडे अर्थातच सन्स (फिनिक्सची टीम), आणि माझा सौदा ट्रेड मशीन (सौदा नियमांत बसतो का ते तपासणारं साधन) काही केल्या पास करत नाहीये.

सौदा असा: जिमी बटलर (यंदाचा पगार ४ कोटी ८८ लाख डॉलर) फिनिक्सला. ब्रॅडली बील (५ कोटी २ लाख) मिल्वॉकीला. ख्रिस मिडलटन (३ कोटी १७ लाख) आणि बॉबी पोर्टिस (१ कोटी २६ लाख) मायामीला.

मायामीने बटलरला काल तिसऱ्यांदा निलंबित केलंय आणि आम्ही बीलला बेंचवर बसवलाय, म्हणजे दोघंही नकोसे. मायामीवाला राजी आहे, मिल्वॉकीवालाही. पॅट कॉनटनचे ९४ लाख घालून पाहिले, तरी मशीन लालच दिवा दाखवतंय. अडतंय कुठे?

हिशेबी_मास्तर

दोन ठिकाणी. मिल्वॉकी दुसऱ्या एप्रनच्या (टीमच्या एकूण पगारावरच्या वरच्या मर्यादेच्या), म्हणजे यंदाच्या १८ कोटी ८९ लाखांच्या वर आहे. अशा टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. मिडलटन अधिक पोर्टिस म्हटलंत तिथेच खेळ संपला. कॉनटन घालून काय होणार, दोनाचे तीन झाले!

दुसरं जास्त मजेशीर आहे. तुमच्या तिन्ही टीम पहिल्या एप्रनच्या (त्याखालची मर्यादा, १७ कोटी ८१ लाख) वर आहेत. तिथे जितका पगार बाहेर जाईल त्याहून एक डॉलरही जास्त आत घेता येत नाही. तिघांनाही हाच नियम, म्हणजे तिघांचा हिशेब डॉलरला डॉलर जुळायला हवा. बील बटलरपेक्षा १४ लाखांनी महाग. ते १४ लाख घ्यायचे कोणी?

मिल्वॉकीकर

पोर्टिसला हात लावाल तर याद राखा. बाकी चालू द्या.

सन्सवेडा

मास्तर, मग दुसऱ्या एप्रनवरच्या टीमने हातपाय बांधून बसायचं का? गेल्या ऑक्टोबरात मिनेसोटाने टाउन्सला दिलाच की.

हिशेबी_मास्तर

दिला, पण एकटा दिला. पगार जोडायचं काम समोरच्या निक्सने (न्यू यॉर्कच्या टीमने) केलं: रँडल, डिव्हिन्चेंझो वगैरे. त्यांच्यावर ती बंदी नव्हती. तरी पैसे कमी पडले, म्हणून तीन किरकोळ खेळाडूंना करार देऊन शार्लटला पाठवावं लागलं. त्या ट्रेडमध्ये शार्लटचं काम एवढंच, पण त्यांच्याशिवाय तो झाला नसता.

तुम्हीही एकास एक धरा. बील एकटा जाईल, बटलर एकटा येईल. तिसरी टीम पहिल्या एप्रनखालची शोधा.

रिबाऊंड_काकू

शिकागो बघा ना. झॅक लवीन ४ कोटी ३० लाखांवर आहे. बील शिकागोला, लवीन मायामीला, बटलर तुम्हाला. कोणीच पगार जोडत नाही, मायामीचा भार हलका होतो आणि शिकागो खाली असल्याने त्यांना जास्तीचे पैसे घेता येतात.

हिशेबी_मास्तर

काकू, गणित बसतं. माणसं बसणार नाहीत. बीलचे पुढचे दोन मोसम मिळून ११ कोटींच्या वर आहेत आणि लवीन यंदा त्याच्यापेक्षा कितीतरी बरा खेळतोय. शिवाय बील आला की बुल्स (शिकागोची टीम) लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे जादा पगारखर्चावरच्या दंडाच्या, रेषेपलीकडे जाणार. अख्ख्या इतिहासात त्यांनी तो टॅक्स एकदाच भरलाय.

रिबाऊंड_काकू

म्हणूनच तर पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) द्यायचे, मास्तर. फिनिक्सने आठवड्याभरापूर्वीच २०३१ चा एक पिक युटाला देऊन पहिल्या फेरीचे तीन घेतलेत. ते काय लोणच्याला?

आणि बीलच्या नकाराधिकाराचं काय ठरवलंय? त्याच्या करारात नो-ट्रेड कलम आहे, तो नाही म्हणाला की सगळं फुकट. माझ्या मते मात्र शिकागोला हो म्हणेल, मूळचा सेंट लुईसचा आहे, घर जवळ पडेल.

मिल्वॉकीकर

बटलरचा पुढचा मोसम त्याच्या स्वतःच्या मर्जीवर आहे. तीन पिक देऊन तो जूनमध्ये निघून गेला तर?

सन्सवेडा

जाऊ दे की. आमचा ड्युरंट ३६ चा आहे, आम्ही २०२९ ची वाट बघत बसायचं का?

नकाराधिकार आमच्यातल्या एकाच्या बायकोकडे दिलाय. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, त्यामुळे पटवायला सगळ्यात अवघड तीच आहे. शिकागोवाल्याला आत्ताच फोन केला. मशीनने हिरवं दाखवलं, पण तो तिन्ही पिक मागतोय, मी दोनवर अडलोय. २०२५ आणि २०२७ द्यायला तयार आहे. २०२९ चा सोडू का?

हिशेबी_मास्तर

नका सोडू. ५ तारखेच्या रात्रीपर्यंत ताणा, लवीनला दुसरं गिऱ्हाईक आहे का ते तोवर कळेल.

रिबाऊंड_काकू

सोडा हो.