लहान शिडाच्या होडीची घरगुती दुरुस्ती, चुका आणि गळती : आपापले अनुभव लिहावेत

कुलाब्याचा वारा

गेल्या रविवारी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक कारागीर पाण्याच्या टाकीला फायबरचा लेप देत होता. रेझिनचा तो उग्र वास स्वयंपाकघरात शिरला आणि मला २००४ सालचा फेब्रुवारी महिना आठवला. त्या वर्षी मी आणि माझ्या एका मित्राने मिळून जुनी एंटरप्राइझ विकत घेतली होती. ही जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची सव्वातेरा फुटी होडी आहे. आमची प्लायवूडची होती.

बंदरात उभी असताना ती कोरडी ठणठणीत असे, पण वाऱ्याच्या तोंडावर चढू लागलो की अर्ध्या तासात घोट्यापर्यंत पाणी साठे. पाणी नेहमी मागच्या बाजूला जमत असल्यामुळे गळतीही तिथेच असणार असे आम्ही ठरवले आणि तळाच्या मागच्या सांध्यावर बाहेरून पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई लावली. जुना रंग पूर्ण खरवडला नव्हता आणि लाकूड आतून ओलसर आहे की नाही हेही पाहिले नव्हते. दोन आठवड्यांनी मुंबई बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाच्या बाजूला असताना तो थर पापुद्र्यासारखा सुटला. त्याच्याखाली कोंडलेल्या पाण्याने प्लायवूडचा वरचा पदर नरम झाला होता. खरी गळती सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडी बाजूला सरकू नये म्हणून मधोमध पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीच्या बुडाशी होती. वाऱ्याच्या तोंडावर चढताना पाणी सेंटरबोर्डला बाजूने रेटते, तो जोर पेटीवर येतो आणि पेटी व तळ यांचा सांधा केसभर उघडतो. उभ्या होडीत तो जोर नसल्यामुळे सांधा मिटलेला राहतो.

होडी तिरकी झाली की पाणी उताराकडे पळते, हे आम्हाला ठाऊक होते, तरीही ते जिथे साठते तिथेच आम्ही शोधत राहिलो. चांगल्या लाकडाचे असे नुकसान आपल्या हातून झाले याचे मला आजही वाईट वाटते. आपल्यापैकी ज्यांनी स्वतः दुरुस्त्या केल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे.

भाट्याची खाडी

दादा, तुमचा थर सुटला, आमची फळीच सुटली.

रत्नागिरीजवळ आमच्या घरची लाकडी होडी होती. ज्येष्ठात ती किनाऱ्यावर ओढून झापांच्या आडोशाला ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालत. ज्या वर्षी आजोबा आजारी होते त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, होडी उन्हात वाळली आणि फळ्यांच्या सांध्यांत बोटाचे नख जाईल एवढ्या फटी पडल्या. मी शहरातून शिकून आलेलो असल्याने दोन भाग मिसळून घट्ट होणारी एपॉक्सी पुटी आणली, सगळ्या फटी काठोकाठ भरल्या आणि घासून गुळगुळीत केल्या. तो तळ इतका सुंदर दिसत होता की शेजारची माणसे पाहायला आली. पाण्यात घातल्यावर तिसऱ्या दिवशी लाकूड फुगले. पुटी दगडासारखी कडक, तिला दबायला वाव नाही, त्यामुळे फळीने स्वतःलाच बाहेर ढकलले. आतल्या बरगडीपासून खिळे उपटले गेले आणि होडी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात बसली. माणसांना काही झाले नाही.

आजोबांनी खाटेवरून एवढेच विचारले, "पाणी पाजलंस काय तिला?" त्यांची रीत अशी होती की पाण्यात घालायच्या आधी चार-पाच दिवस तळावर ओली गोणपाटे टाकायची, आतही थोडे पाणी ठेवायचे आणि ज्या फटी त्यानंतरही उरतील त्यांतच कापूस हलक्या हाताने ठासायचा. वरून राळ आणि तेलाचा मऊ लेप द्यायचा, कारण तो लाकडाबरोबर दबतो. लाकडाला बाहेरून मोरी माशाचे तेल लावण्याचा जुना प्रघातही आमच्याकडे होता, आणि त्याचा वास अंगणात महिनाभर राहत असे. फळीची होडी पहिल्या दिवशी गळते ते लाकूड अजून कोरडे असल्यामुळे, आणि फुगल्यावर ती गळती बहुतेक आपोआप थांबते. हे समजून घ्यायच्या आधीच मी सांधे बंद करून टाकले होते.

ऑकलंडची दुपार

मी इथे न्यूझीलंडमध्ये बावीस फुटी फायबरची जुनी होडी चालवते. पाऊस पडला की डाव्या बाजूच्या बिछान्यावर पाणी टपके. बरोबर वर डोलकाठीला तोलणाऱ्या तारांची पट्टी डेकमधून खाली येते, म्हणून तिच्याभोवती मी सिलिकोन भरले. दोन वर्षांत पाच वेळा भरले. शेवटी एका वयस्क शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून छताचे आतले अस्तर काढले, बाहेर डेकवर पाईपने पाणी सोडले आणि आतून कोरड्या पृष्ठभागावर टाल्कम पावडर मारून बसले. पावडरीवर ओघळ उमटला, तो थेट सव्वा मीटर पुढे कठड्याच्या खांबाच्या एका बोल्टपर्यंत गेला. पाणी तिथून शिरत होते आणि अस्तराच्या वरून वाहत येऊन माझ्या बिछान्यावर उतरत होते.

तेवढ्या काळात डेकच्या दोन फायबर थरांमधला बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा ओला होऊन कुजला. नाण्याने वरून टकटक केले की चांगल्या भागात खणखणीत आवाज येई आणि कुजलेल्या भागात बद्द. दीड हात लांब, हातभर रुंद तुकडा कापून नवा गाभा घालावा लागला. बोल्टची भोके आधी मोठी पाडली, दाट केलेल्या एपॉक्सीने भरली आणि त्या भरावातच पुन्हा बोल्टच्या मापाची भोके पाडली, म्हणजे यापुढे पाणी आले तरी गाभ्याला ते शिवणार नाही. मात्र ज्या पट्टीभोवती सिलिकोन होते तिथे आता दुसरे काहीही चिकटत नाही. सिलिकोनचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर रंगही धरत नाही. ते घासून घालवण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. गाभा असलेले डेक पुन्हा मी घेणार नाही.

सागरलहर

ऑकलंडच्या ताई, पाच वेळा सिलिकोन भरल्याचे वाचून मन कळवळले. पोळ्या करता करता लिहिते आहे, म्हणून एकच विचारते. आमच्या इथे अलिबागला पावसाळ्यातच होडी बाहेर असते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो तो नेमका दमट हवेत. गेल्या वर्षी एपॉक्सीचा पहिला थर चिकटच राहिला, त्यावर दुसरा दिला तर तो दिवाळीपर्यंत सुटला. आम्ही हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, थोडा जास्तही घातला होता. मग चूक कोठे झाली?

रेझिनचा डबा

ताई, चूक त्या जास्तीच्या हार्डनरमध्ये होती, आणि ती मी स्वतः केलेली असल्यामुळे खात्रीने सांगतो. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारे द्रव्य, एक-दोन टक्के असतो आणि त्या मर्यादेत तो कमी-जास्त केला की घट्ट होण्याचा वेग बदलतो. एपॉक्सीचे तसे नाही. त्यात दोन्ही भाग एकमेकांशी ठरावीक प्रमाणातच जोडले जातात. जास्त झालेला हार्डनर जोडीदाराविना तसाच उरतो आणि थर कायमचा मऊ राहतो. तो खरवडूनच काढावा लागतो.

दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते. हार्डनर हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि वर मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साध्या पाण्याने व खरखरीत फडक्याने धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा. न धुता घासले तर तोच मेणचटपणा सगळीकडे पसरतो.

एक इशारा सर्वांसाठी देतो. आपल्याकडे पॉलिएस्टरचा कोबाल्ट (क्रियेचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट अनेकदा वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, कारण भडका किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि नंतरच कॅटॅलिस्ट घालावा.

मांडवीकाठ

गाभ्याच्या डेकबद्दल ऑकलंडकर ताईंनी एवढे निराश होऊ नये. आमच्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली भारतीय नौदलाची शिडाची होडी म्हादई लाकडी गाभ्याचीच आहे, आणि त्याच होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये, तेही कुठे न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोष गाभ्याचा नसतो, उघड्या राहिलेल्या भोकाचा असतो.

माझा अनुभव पाणपातळीखालच्या झडपेचा आहे. जुनी झडप घट्ट फिरत होती, म्हणून मी नळदुरुस्तीच्या सामानातील पितळी झडप बसवली. दिसायला दोन्ही सारख्याच. पितळेत जस्त असते आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते. मागे उरते ते सच्छिद्र तांबे. रंग गुलाबी पडतो, आकार तसाच राहतो आणि ताकद निघून जाते. तिसऱ्या वर्षी झडप बंद करायला गेलो आणि ती मुठीसकट माझ्या हातात आली. एक इंच व्यासाचे भोक फूटभर खोलीवर असेल तर मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी आत येते, कडा गुळगुळीत असल्यास त्याहूनही जास्त. माझा हातपंप त्याच्या निम्मेही काढू शकत नव्हता. पत्नीने प्रसंगावधान राखून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला पंचा गुंडाळला आणि तो भोकात पिळून बसवला, म्हणून आम्ही पणजीच्या धक्क्यापर्यंत पोचलो. आता प्रत्येक झडपेला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली आहे, आणि झडपा कांशाच्या आहेत.

एकशिडी

माझी एकट्याने चालवायची, एका शिडाची लेझर होडी आहे, जिला आता इल्का म्हणतात. नुसत्या सांगाड्याचे वजन ५९ किलो असायला हवे, माझी ६८ भरली. नऊ किलो पाणी आत होते आणि मी सहा महिने मागचे बूच बदलत होतो. शेवटी डोलकाठीच्या खाचेत काठोकाठ पाणी भरून तासभर ठेवले, तेव्हा पातळी दोन बोटे खाली गेली. तळाशी काठी फिरून फिरून फायबर झिजले होते. ज्यांच्याकडे ही होडी आहे त्यांनी आज संध्याकाळी ही एक चाचणी अवश्य करावी, कारण ती खाच भर वाऱ्यात फाटली तर काठी डेक उखडत खाली येते.

कुलाब्याचा वारा

सर्वांचे मनापासून आभार. भाट्याच्या खाडीकरांना विचारायचे राहिले : ती सुटलेली फळी पुन्हा बसली का?

भाट्याची खाडी

नाही दादा, ती चिरली होती. आजोबा बरे झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून फणसाची नवी फळी घातली. त्यांनी जागा दाखवली आणि खिळे मी मारले. होडी आजही चुलतभावाकडे आहे, आणि या वर्षी तिच्यावर गोणपाटे टाकण्याचे काम माझ्या मुलीने मागून घेतले आहे.