ओव्हल ट्रॅकवरील स्टॉक कार शर्यती आणि महिला चालक: हे आकर्षण नेमके कशाचे?

मृण्मयी_क

गेली अनेक वर्षे मी फॉर्म्युला वन नियमाने पाहते आणि अमेरिकेतील नॅसकारकडे, म्हणजे नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या शर्यतींकडे मात्र जरा नाक मुरडूनच पाहत आले, हे आधीच कबूल करते. लंबगोल धावपट्टीवर चाळीसेक गाड्या तीन-चार तास डावीकडे वळत राहतात आणि ते पाहायला लोक भर उन्हात दिवसभर बसतात, यात पाहण्यासारखे काय असावे, हे मला कधीच उमगले नव्हते.

मागच्या आठवड्यात मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी २०१३ च्या डेटोना ५०० शर्यतीचे चित्रण पाहत होतो. डॅनिका पॅट्रिक यांनी पात्रता फेरीत ताशी १९६ मैलांहून अधिक वेग गाठून पहिली जागा मिळवली होती. नॅसकारच्या कप या प्रमुख मालिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला; शर्यतीत त्या आठव्या आल्या. लेकीने विचारले, "इथे बायकांचा वेगळा गट नाही, नियम सगळ्यांना तेच आहेत, मग आजवर एकही बाई कप मालिकेतली शर्यत का जिंकली नाही?" मला उत्तर देता आले नाही. "ताकद कमी पडते" हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न विचारते. ओव्हल शर्यतीत पाहायचे काय? आणि महिला चालकांची वाट नेमकी कुठे अडते?

डावे_वळण

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षे माझेही मत तुमच्यासारखेच होते. नंतर एका सहकाऱ्याने आग्रहाने शेजारच्या व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलला नेले. १९४७ मध्ये सुरू झालेली ही धावपट्टी जेमतेम ०.५२६ मैलांची, म्हणजे साधारण साडेआठशे मीटरची आहे. एक फेरी वीस सेकंदांच्या आसपास संपते. सरळ भाग डांबरी, वळणे काँक्रीटची आणि जवळपास सपाट. त्यामुळे प्रत्येक वळणावर ब्रेक दाबावाच लागतो, आणि संध्याकाळ झाली की चाकांच्या आत तापून लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या बाकावरूनही दिसतात. जिंकणाऱ्याला चषकाऐवजी उभे लंबकाचे घड्याळ देतात.

मला पहिल्यांदा जाणवले ते हे की, इथे प्रेक्षकाला संपूर्ण शर्यत एकाच नजरेत दिसते. रस्त्यासारख्या ट्रॅकवर आपल्यासमोरून गाडी सर्रकन जाते आणि मग दीड मिनिट वाट पाहावी लागते. ओव्हलवर तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकाचे भांडण वीस फेऱ्या कसे पेटत गेले, हे तुम्ही अथपासून इतिपर्यंत पाहता.

दुसरी गोष्ट कानांची आहे. स्कॅनर नावाचे छोटे यंत्र आणि हेडफोन भाड्याने मिळतात आणि चालक, क्रू चीफ (गाडीच्या चमूचा प्रमुख) व स्पॉटर यांच्यातील बोलणे थेट ऐकता येते. स्पॉटर म्हणजे स्टेडियमच्या माथ्यावर उभा राहून चालकाला आजूबाजूच्या गाड्या सांगणारा माणूस; हेल्मेट, मान सांभाळणारा पट्टा आणि आसनाच्या कडा यांमुळे चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही, म्हणून त्याचे डोळे वर ठेवलेले असतात. मी ज्याचे ऐकत होतो तो चालक दर काही फेऱ्यांनी गाडी "लूज" झाल्याची, म्हणजे वळणात मागची बाजू बाहेर घसरत असल्याची तक्रार करत होता. टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, म्हणजे पिटमध्ये आल्यावर एकाने मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून दोन-तीन आटे फिरवले. पुढच्या दहा फेऱ्यांत तीच गाडी "टाइट" झाली, आता तिचे नाकच वळेना. डावीकडे वळत राहणे हे वरवरचे झाले. टायर झिजतात, इंधन संपत जाते, सूर्य ढळून पट्टी थंड होते आणि अगदी तेच वळण तासाभराने वेगळे वळण होऊन बसते.

डेटोना आणि टॅलाडेगा या मोठ्या धावपट्ट्यांची जातकुळी वेगळी. तिथे वळणे अनुक्रमे ३१ आणि ३३ अंशांनी कललेली आहेत, त्यामुळे गाड्या जवळजवळ पूर्ण वेगातच वळतात आणि खेळ हवेचा होतो. एकामागे एक चिकटून धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात, म्हणून शत्रूलाच धरून पुढे जावे लागते आणि अखेरच्या फेरीत त्यालाच सोडावे लागते. मला स्वतःला मार्टिन्सव्हिलच आवडते, कारण डेटोनाला नशिबाचा वाटा जरा जास्त असतो. पण हे मत इथल्या निम्म्या लोकांना मान्य होणार नाही.

जुनी_पाने

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण महिला या खेळात नंतर आल्या हा समजच चुकीचा आहे. नॅसकारच्या प्रमुख मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या धावपट्टीवर झाली आणि त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन होत्या. त्यांची गाडी चौदावी आली. पुढच्याच महिन्यात डेटोना बीचवर, जिथे अर्धी फेरी डांबरी रस्त्यावर आणि अर्धी समुद्राच्या वाळूवर असे, ख्रिश्चन यांच्याबरोबर लुईस स्मिथ आणि एथेल मोबली याही उतरल्या. मोबली या प्रसिद्ध फ्लॉक बंधूंची बहीण. त्या शर्यतीत त्या अकराव्या आल्या, आणि तिघा भावांपैकी दोघे त्यांच्या मागे राहिले. त्या घरी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय बोलणे झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गजवळील हायडेलबर्ग येथे ख्रिश्चन पाचव्या आल्या. प्रमुख मालिकेत महिलेने मिळवलेला तो आजही सर्वोत्तम क्रमांक आहे. तुमच्या मुलीच्या प्रश्नाची खरी धार इथे आहे: मालिकेच्या पहिल्याच वर्षी गाठलेली पायरी त्यानंतर कोणालाच ओलांडता आली नाही.

लुईस स्मिथ यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४७ मध्ये त्या नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन डेटोनाला शर्यत "पाहायला" गेल्या, राहवले नाही म्हणून स्वतःच उतरल्या आणि गाडीचा चक्काचूर करून बसने घरी परतल्या. गाडी वाटेत बिघडल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातले त्या गाडीचे छायाचित्र पुढे ठेवले. याच स्मिथ १९९९ मध्ये इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेल्या पहिल्या महिला ठरल्या.

पन्नाशीच्या दशकानंतर मात्र दारे मिटत गेली, आणि ती नुसत्या म्हणण्यापुरती नव्हे. नॅसकारबाहेरचे उदाहरण द्यायचे तर, इंडियानापोलिस ५०० या शर्यतीच्या धावपट्टीवरील पिट आणि गॅरेजमध्ये १९७१ पर्यंत महिलांना पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती, मग त्या पत्रकार का असेनात. ज्या खेळात निम्मे शिक्षण गॅरेजमध्ये उभे राहून, ऐकून होते, तिथे या बंदीची किंमत एका पिढीपुरती मर्यादित राहत नाही.

मग १९७६ मध्ये जॅनेट गथ्री आल्या. मिशिगन विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेल्या आणि विमान उद्योगात अभियंता म्हणून काम केलेल्या गथ्री यांनी शार्लटच्या वर्ल्ड ६०० मध्ये पदार्पण केले. सहाशे मैल म्हणजे साडेनऊशे किलोमीटरहून अधिक, दीड मैलाच्या पट्टीवर चारशे फेऱ्या, आणि तेव्हाच्या स्टॉक कारला पॉवर स्टिअरिंग नसे. त्या पंधराव्या आल्या. पुढच्या वर्षी डेटोना ५०० मध्ये बाराव्या आणि नवोदितांमध्ये पहिल्या, ब्रिस्टलला सहाव्या; १९७८ मध्ये मनगटाचे हाड मोडलेले असताना इंडियानापोलिस ५०० मध्ये नवव्या. ताकदीचा प्रश्न माझ्या मते तिथेच निकालात निघाला. तरीही त्यांची कप कारकीर्द १९८० मध्ये ३३ शर्यतींवर थांबली, कारण प्रायोजक मिळेनात.

मृण्मयी_क

दोघांचेही मनापासून आभार. पण एक शंका उरतेच. डॅनिका पॅट्रिक यांना तर प्रायोजकही मिळाला होता आणि चांगला संघही. मग तिथे काय अडले? त्यांची बाजू घ्यायची म्हणून गोड उत्तर नको.

तीन_दशांश

गोड उत्तर देत नाही. पॅट्रिक यांनी कप मालिकेत १९१ शर्यती केल्या, त्यांतील सातच वेळा त्या पहिल्या दहांत आल्या आणि सर्वोत्तम क्रमांक सहावा, २०१४ मध्ये अटलांटाला. त्याच वर्षी त्यांच्याच संघातील केविन हार्विक विजेतेपद मिळवून गेले, म्हणजे दोष गाडीच्या माथी मारता येत नाही. दुसरीकडे, २००८ मध्ये जपानमधील मोटेगीच्या ओव्हलवर त्यांनी इंडीकारची, म्हणजे उघड्या चाकांच्या एकआसनी गाड्यांची शर्यत जिंकली होती, म्हणजे ओव्हलच जमत नव्हता असेही म्हणता येत नाही.

माझ्या मते अडचण वयाची आणि सवयीची होती. इंडीकार हलकी, भरपूर हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणारी आणि चाकांच्या हालचाली थेट हाताला सांगणारी गाडी. तेव्हाची स्टॉक कार जवळपास दीड टनाची, लोळत वळणारी आणि किंचित घसरत ठेवली तरच वेगवान होणारी. पॅट्रिक स्टॉक कारकडे तिशीच्या उंबरठ्यावर आल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी पोरवयापासून छोट्या ओव्हलवर हेच घसरणे अंगात मुरवत होते. त्यात नॅसकारने २००९ पासून चाचण्यांवर कडक निर्बंध आणले होते, त्यामुळे शर्यतीबाहेर सराव करून ही उणीव भरून काढायची सोयही उरली नव्हती. पुरुष चालकांचेही असेच झाले आहे: कोलंबियाचे हुआन पाब्लो मोंतोया फॉर्म्युला वनमध्ये सात शर्यती जिंकून आले आणि कप मालिकेत त्यांनी दोनच जिंकल्या, त्याही ओव्हलवर नव्हे.

ताकदीबद्दल एवढेच: आता पॉवर स्टिअरिंग आहे, खरा कस लागतो तो उष्णतेत, कारण गाडीच्या आत तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि ते तीन तास सोसावे लागते. वजन कमी असल्याचा फायदा मिळतो म्हणावे, तर हलक्या चालकाच्या गाडीत जादा वजन बसवण्याचा नियम आहे.

उरतो तो संख्येचा हिशेब. वर पोहोचणाऱ्या चाळीस जणांमागे खालच्या थरांत हजारो मुले असतात. या हजारांत मुली मूठभर असतील आणि त्यांतल्याही अनेकींचा पैसा मधल्या पायरीवर संपत असेल, तर वर कोणी न दिसणे हे गणितच आहे. जिथे जागा मिळाली तिथे विजय आलेही: शॉना रॉबिन्सन १९८८ मध्ये ॲशव्हिलला नॅसकारच्या खालच्या थरातील डॅश मालिकेत जिंकल्या, आणि हेली डीगन यांनी २०१८ मध्ये आयडाहोतील मेरिडियन येथे अखेरच्या फेरीत पुढच्या गाडीला, तीही स्वतःच्याच संघातील, धक्का देऊन के अँड एन वेस्ट या तशाच खालच्या थराच्या मालिकेतली शर्यत जिंकली. कपमध्ये मात्र पॅट्रिक यांच्यानंतर पुढची महिला दिसायला २०२५ उजाडावे लागले; कॅथरीन लेग फिनिक्सला उतरल्या.

पाव_मैल

या मूठभरांपैकी एकीचा मी बाप आहे, म्हणून लिहितो. आमची लेक नऊ वर्षांची आहे आणि क्वार्टर मिजेट चालवते. या पाच ते सोळा वर्षांच्या मुलांच्या छोट्या गाड्या असतात आणि त्यांची धावपट्टी मैलाचा विसावा भाग असते. सुरुवात तिच्या मोठ्या भावासाठी केली होती. त्याला आवाजाचा कंटाळा आला, हिला आला नाही.

ती पहिल्यांदा जिंकली त्या दिवशी दोन पालकांनी तिचे इंजिन उघडून तपासण्याची मागणी केली. नियमात बसते, म्हणून तपासले; काही सापडले नाही. त्याआधीचे तीन आठवडे एक मुलगा सलग जिंकत होता, त्याचे इंजिन कोणी उघडायला सांगितले नव्हते. लेकीला यातले काही कळले नाही. तिला वाटले, जिंकणाऱ्याचे इंजिन उघडतातच. मी तो समज अजून दुरुस्त केलेला नाही.

आकर्षणाविषयी विचारलेत म्हणून शनिवारची सकाळ सांगतो. ओव्हलवर उजवीकडचे मागचे चाक डावीकडच्यापेक्षा किंचित मोठे ठेवतात, याला स्टॅगर म्हणतात. कागदी पेला आडवा ठेवून ढकलला की तो आपोआप गोल फिरतो, तेच हे तत्त्व. हवा भरल्यावर प्रत्येक टायर थोडा वेगळा फुगतो, म्हणून शर्यतीआधी टेप गुंडाळून दोन्हींचा घेर मोजावा लागतो. पट्टी तापली की फरक पुन्हा बदलतो, पुन्हा मोजायचे. फरक जास्त झाला तर सरळ भागातही गाडी डावीकडे ओढते, कमी पडला तर वळणात नाक बाहेर जाते.

मृण्मयी_क

हा प्रतिसाद मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच कागदी पेला शोधून टेबलावर फिरवून पाहिला. तिचा प्रश्न असा आहे की, टेप कोण मोजते, तुम्ही की ती?

पाव_मैल

टेप मी धरतो, आकडा ती वाचते. मागच्या महिन्यात मी घाईत स्वतःच वाचून वहीत लिहिला, तर तिने टायर पुन्हा मोजायला लावला आणि माझा आकडा अष्टमांश इंचाने चुकलेला निघाला. तेव्हापासून वहीही तिच्याकडेच असते.