पावसाळी घरात कपड्यांसाठी काय करावे: भिंतीत बसवलेले बंद कपाट की उघडी मांडणी?

खाडीकाठ (धागाकर्ता):

पुनर्विकासाला गेलेली आमची जुनी जागा विकून आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर नवी सदनिका घेतली असून गेल्या महिन्यात तिचा ताबा मिळाला. झोपण्याची खोली १० बाय ११ फुटांची आहे आणि कपड्यांसाठी तिच्यात एकच जागा उरते, ती म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली सात फुटांची भिंत. जमिनीपासून छतापर्यंत भिंतीला घट्ट बसवलेले कपाट करावे आणि वर लॉफ्ट काढावा, असे घरातल्या सगळ्यांचे म्हणणे आहे. माझे मत वेगळे आहे. भिंतीवर खाचांच्या उभ्या पट्ट्या, त्यांत अडकवलेले ब्रॅकेट, त्यांवर फळ्या आणि मध्ये हँगरसाठी दांड्या, अशी हवी तशी वरखाली करता येणारी उघडी मॉड्युलर मांडणी समुद्राजवळच्या घरात अधिक योग्य ठरते, असे मला वाटते.

जुन्या घरात आम्ही २००९ साली भिंतभर कपाट करून घेतले होते. २०२१ मध्ये घर रिकामे करताना ते उतरवले, तेव्हा पाठीचा प्लाय हाताबरोबर सुटून आला. मागच्या भिंतीवर काळी बुरशी पसरली होती आणि वाळवीची मातीची नळी जमिनीपासून थेट लॉफ्टपर्यंत पोहोचली होती. बारा वर्षे आम्ही त्या कपाटाची दारे पुसत होतो आणि मागे हे चालले होते. आईची लग्नातली शाल त्यात गेली, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय त्या भिंतीच्या मापाने केलेले ते कपाट दुसऱ्या कोणत्याच घरात बसणारे नव्हते, त्यामुळे उरलेले चांगले लाकूडही भंगारात द्यावे लागले.

हवामानाचा विचार केला तरी मी याच निष्कर्षाला येतो. जुलैत आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तापमान २८ अंश धरले, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, साधारण २५ अंशांवर येतो. रात्रभर एसी २४ अंशांवर चालवला की भिंत, प्लाय आणि कपडे दवबिंदूहून गार होतात आणि सकाळी खिडकी उघडताच बाहेरची हवा त्यांच्यावर ओल सोडते. उघड्या फळीवरची ओल पंख्याखाली लवकर सुकते, परंतु बंद दारांमागे शिरलेली ओल तिथेच मुक्काम करते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. न्हाणीघराची भिंत पहिल्याच महिन्यात कपाटामागे झाकून टाकली, तर ती पाझरते आहे हे त्या पाच वर्षांत आपल्याला कसे कळणार? ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत, त्यांनी आपली मते द्यावीत.

कोषा:

आपल्या शालीबद्दल वाचून वाईट वाटले, तरीही मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे.

माझ्याकडे आईच्या आणि सासूबाईंच्या मिळून चाळीसेक रेशमी साड्या आहेत आणि त्यांतल्या काहींची जरतार खऱ्या चांदीची आहे. रेशमाला उजेड सोसत नाही. खिडकीसमोरच्या फळीवर ठेवलेल्या साडीच्या घडीची बाहेरची कड काही वर्षांत आतल्या रंगापेक्षा फिकी पडते आणि तो पट्टा नंतर कशानेही जात नाही. चांदीची जरतार उघड्या हवेत काळवंडते. म्हणून या साड्या सुती मलमलीत गुंडाळून अंधारात ठेवायच्या, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, ही रीत आपल्या घरांत चालत आली आहे. तिच्यासाठी दार असलेले कपाटच लागते.

धुळीचेही पाहा. घोडबंदर रस्त्यावर गेली काही वर्षे मेट्रो ४ चे काम आणि दोन्ही बाजूंना नव्या इमारती असे सारेच एकदम चालले आहे. माझी बहीण तिथे राहते आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर तिला संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. उघड्या फळीवर महिनाभर पडून राहिलेला सदरा धुतल्याशिवाय घालता येणार नाही. मग हवा खेळती ठेवून आपण नेमके काय वाचवले?

तथापि माझा मुख्य आक्षेप कष्टांबद्दलचा आहे. उघडी मांडणी रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून प्रत्येक घडी सारखी हवी, प्रत्येक फळी झटकलेली हवी आणि पाहुणे येण्याआधी सगळे आवरलेले हवे. हे काम बहुतेक घरांत कोण करते, हे सांगण्याची गरज नाही. दिवसभर राबलेल्या बाईला निदान कपाटाचे दार लावून घेण्याची मुभा असावी. आतले कपडे, औषधे, कागदपत्रे चारचौघांच्या नजरेस पडू नयेत, ही अपेक्षाही मला अवाजवी वाटत नाही.

प्लायचेच वावडे असेल, तर पायांवर उभे राहणारे आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवता येणारे पोलादी कपाट घ्यावे. गोदरेजने अशी कपाटे १९२३ पासून बनवायला घेतली आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांतली कित्येक दोन-तीन पिढ्या टिकली आहेत. घर बदलले की ते बरोबर जाते, मागची भिंतही पाहता येते आणि दारही मिळते.

रंधा:

माझे वडील सुतार होते आणि मी स्वतः तीस वर्षे फर्निचरचे काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. २००९ चे आपले कपाट बंद होते म्हणून कुजले नाही. ते चुकीचे बांधले गेले होते, म्हणून कुजले. आपण वर्णन केले आहे त्यावरून पाठीला पातळ प्लाय लावून तो थेट भिंतीला टेकवला असावा आणि तळाची चौकट सरळ फरशीवर बसवली असावी. अशा कपाटाला भिंतीची ओल मागून मिळते, फरशी पुसतानाचे पाणी खालून मिळते आणि वाळवीला यायला विनाअडथळा वाट मिळते.

भिंत आणि पाठ यांच्यात किमान एक इंच पोकळी ठेवावी. खाली आणि वर जाळीच्या झडपा द्याव्यात, म्हणजे त्या पोकळीतून हवा वर चढत राहते. पाठीला ६ मिमीऐवजी ९ मिमी प्लाय घ्यावा आणि सांगाड्यासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय वापरावा. तो शिक्का स्वतः पाहावा, केवळ बिलावरच्या शब्दावर विसंबू नये. प्लायच्या सगळ्या कडा, अगदी भिंतीकडच्या आणि फरशीकडच्यासुद्धा, बंद कराव्यात, कारण पाणी कडेतूनच आत शिरते आणि दिसत नाहीत म्हणून नेमक्या त्याच कडा उघड्या सोडल्या जातात. कपाट चार-सहा इंचांच्या पायांवर उभे करून समोरची खालची पट्टी निघणारी ठेवावी, म्हणजे वर्षातून एकदा विजेरी लावून मागचा तळ तपासता येतो. रेराच्या पाच वर्षांत लक्ष ठेवण्याची आपली काळजीही त्यातून बऱ्याच अंशी मिटेल.

दवबिंदूचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धा आहे. बाहेरची ओली हवा बंद दारांमागे सावकाश शिरते आणि तोवर खोली तापून जाते, त्यामुळे सकाळच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात उघड्या फळीवरचे कपडेच जास्त ओल घेतात. अडचण येते ती कपडे पुरते न सुकवता कपाटात ठेवल्यामुळे.

आता आपल्या मांडणीबद्दल एक गंभीर सूचना करतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती पुष्कळदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या असतात. त्या ब्लॉकमध्ये स्क्रूसाठी बसवायचा साधा प्लग पकड घेत नाही. सात फूट रुंदीच्या मांडणीवरचे कपडे, गोधड्या आणि फळ्या मिळून भार सहज साठ-सत्तर किलो होतो आणि हँगरसाठी फळी जवळजवळ दोन फूट पुढे येत असल्यामुळे वरचा स्क्रू सतत बाहेर ओढला जातो. त्यातच ती भिंत न्हाणीघराची आहे. तिच्या पोटातून पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात. विकासकाकडून नळ्यांचा नकाशा घेतल्याशिवाय तिथे ड्रिल लावू नये, ही कळकळीची विनंती आहे.

खाडीकाठ:

नळ्यांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि त्याबद्दल मी रंधा यांचा ऋणी आहे. भिंतीला टांगण्याचा बेत मी सोडून देतो. परंतु त्यामुळे उघड्या मांडणीचा मुद्दा निकालात निघत नाही. जमिनीवर चार पायांनी उभ्या राहणाऱ्या धातूच्या चौकटी मिळतात. त्यांचा भार फरशीवर येतो आणि पुढे कलंडू नये म्हणून नळ्या नसलेल्या ठिकाणी वर एक-दोन पकडी पुरतात.

कोषा यांचा कष्टांबद्दलचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. आमच्या घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मी घालतो आणि मांडणी झटकण्याचे कामही माझ्याकडेच राहील, हे पत्नीशी आधीच ठरले आहे. रंधा यांनी सांगितलेले कपाट उत्तम असेल, यात मला शंका नाही. मात्र इतकी काळजी घेणारा कारागीर प्रत्येकाला मिळत नाही. पाठीमागची कड बंद केली आहे की नाही, हे कपाट उभे राहिल्यावर मालकाला पाहताही येत नाही. उघड्या मांडणीतली चूक दुसऱ्या दिवशी दिसते, तर बंद कपाटातली चूक आम्हाला बाराव्या वर्षी दिसली.

बिऱ्हाड:

मी पुण्यात भाड्याने राहतो. आठ वर्षांत पाच घरे झाली, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की पुढचे काहीच सांगता येत नाही. माझी उघडी मांडणी पाचही घरांत बसली. प्रत्येक वेळी उंची आणि रुंदी निराळी होती, तरी दोन पान्यांनी ती दीड तासात उभी राहते. भाडेकरूने बंद कपाट करून घेणे म्हणजे ते घरमालकाला भेट देणेच होय.

वऱ्हाडी माणूस:

ही सारी चर्चा किनाऱ्याच्या हवेवर बेतलेली आहे. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर खिडकीच्या फटीतूनही माती आत येते. खोलीत कूलर चालू असेल, तर त्या ओलसर हवेत हीच माती कपड्यांना चिकटून बसते. इथे उघडी मांडणी कोणी सुचवू नये.

अंगण:

मला एक वेगळा अनुभव सांगावासा वाटतो. माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी विस्मरणाचा आजार झाल्याचे निदान झाले. तिच्या खोलीत अतिशय सुबक, सरकत्या दारांचे भिंतीतले कपाट आहे. पुढे पुढे ती त्या गुळगुळीत दारांसमोर नुसती उभी राहू लागली. दारामागे आपले कपडे आहेत, हेच तिला आठवत नसे आणि विचारायचा संकोच वाटत असल्यामुळे ती कालचीच साडी पुन्हा नेसून बसे. आम्ही बराच काळ याला हट्ट समजत राहिलो. मग तिच्या उपचारांत मदत करणाऱ्या थेरपिस्टबाईंनी सुचवल्यावरून एका बाजूचे दार काढून टाकले आणि तिथे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत फक्त चार साड्या, त्यांच्याशेजारी त्यांचे पोलके आणि परकर, असे दिसतील अशा पद्धतीने मांडून ठेवले. त्या आठवड्यापासून ती पुन्हा स्वतः साडी निवडून नेसू लागली. डोळ्यांना दिसते तेवढेच तिच्या जगात उरले आहे, हे आम्हाला एका दारामुळे कळत नव्हते.

कोषा:

अंगण यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आईंसाठी आपण जे केले, ते अगदी योग्य आहे आणि तिथे माझा कोणताही आक्षेप टिकत नाही. परंतु त्यातूनही हेच दिसते की, रोजच्या वापराच्या थोड्या कपड्यांसाठी उघडी जागा चालते. चाळीस साड्या, थंडीचे कपडे, पांघरुणे आणि वर्षातून एकदा लागणारे शेले उघड्यावर मांडता येत नाहीत. धागाकर्त्यांनी सात फुटांपैकी निदान तीन फूट तरी बंद ठेवावेत, या मतावर मी ठाम आहे.

रंधा:

काहीही ठरवण्याआधी भिंतीची परीक्षा घ्यावी. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद लावावा आणि दोन दिवसांनी पाहावे. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली असेल, तर ओल भिंतीतूनच येते आहे. जमिनीपासून फूटभर वर, मध्यभागी आणि नळांच्या पातळीला अशा तीन ठिकाणी, न्हाणीघर रोज वापरात असतानाच ही परीक्षा करावी.

खाडीकाठ:

तसेच करतो. आज भिंतीवर तीन तुकडे लावले आहेत आणि जुलैच्या मध्यात पुन्हा लावणार आहे. पहिला पावसाळा संपेपर्यंत ती भिंत पूर्ण मोकळी राहील. रोजचे कपडे चाकांच्या एका दांडीवर आणि बाकीचे आईच्या दोन पत्र्याच्या ट्रंकांत ठेवू. कोषा यांनी सांगितलेल्या तीन फुटांसाठी पायांवरचे पोलादी कपाट घ्यायला मी आता तयार आहे. उरलेल्या चार फुटांत मात्र दार बसणार नाही. आईचेही वय झाले आहे आणि तिच्या साड्या तिथे तिच्या हाताच्या उंचीवर राहतील. तुकड्यांखाली काय दिसते, ते परवा इथे लिहितो.